कॉकर की स्प्रिंगर? आधी वंशावळ बघा

कॉकर आणि स्प्रिंगर या दोन स्पॅनियल शिकारी कुत्र्यांपैकी कोणतं घ्यावं, या चर्चेत एकाने लिहिलं, 'कॉकर दिसायला गोड, पण काम करायचं तर स्प्रिंगरच'. हे मत अर्धंच पटलं. शिकार केलेला वजनदार ससा किंवा मोठा फेझंट (कोंबडीसारखा रानपक्षी) तोंडात धरून कुंपणावरून उडी मारायची, तर स्प्रिंगरची उंची उपयोगी पडते, हे खरं. पण ब्रिटनमध्ये पूर्वी एकाच वेतातली पिल्लं नुसत्या वजनावर वेगळी काढत. साधारण 25 पौंडांच्या आतलं ते कॉकर, वरचं स्प्रिंगर. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या केनेल क्लबने कॉकरला 1893 मध्ये आणि स्प्रिंगरला 1902 मध्ये स्वतंत्र जात मानलं.

खरी दरी आहे ती शो लाइन (प्रदर्शनासाठी जोपासलेला वंश) आणि वर्किंग लाइन (शिकारीच्या कामासाठी जोपासलेला वंश) यांच्यात, आणि तिच्याबद्दल इथे कुणीच बोललं नाही. शो लाइनच्या कॉकरचे लांब केसाळ कान काटेरी जाळीत अडकतात. वर्किंग कॉकरचे कान आखूड, केस कमी, आणि अंगात नुसता पारा! म्हणून पिल्लाच्या वंशावळीत आजी-आजोबांच्या पिढीत नावाआधी 'एफटीसीएच', म्हणजे फील्ड ट्रायल चॅम्पियन (शिकारीच्या कामाच्या स्पर्धांतला विजेता), किती वेळा येतं ते मोजा. स्प्रिंगर घेत असाल तर पिल्लाच्या आईबापांची फ्युकोसिडोसिसची (मज्जासंस्थेच्या जीवघेण्या आनुवंशिक आजाराची) डीएनए चाचणीही मागा. ब्रीडर टाळाटाळ करायला लागला, तर सरळ दुसरीकडे बघा.