आईने फोन उचलला नाही: नकोसे कॉल आणि त्यांच्याबद्दलच्या अफवा (तुमचे अनुभव लिहा)

गोरेगावची_लेक

परवाच्या पावसात गाड्या रखडल्या. माझ्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून डब्यातल्या एका बाईंचा फोन मागून आईला पाच वेळा लावला. पाचही वेळा रिंग पूर्ण वाजून बंद. रात्री पावणेबाराला घरी पोचले तर आई दार उघडं टाकून जिन्यात बसलेली. "अगं, अनोळखी नंबर होता. उचलला की खातं रिकामं होतं ना!" भजनी मंडळाच्या ग्रुपवर तसा मेसेज आलाय म्हणे. फोन हातात घेऊन ती तीन तास माझी वाट बघत होती, आणि मी त्याच फोनवर तिला लावत होते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

त्यावरून बाबांचा पहिला मोबाइल आठवला. २००२ साल. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. बाबा प्लंबिंगची कामं घ्यायचे, त्यामुळे प्रत्येक फोन उचलावा लागे. क्रेडिट कार्डवाल्या मुलीचा फोन आला की मध्येच तोडणं त्यांना जमायचं नाही. सगळं ऐकून घेत, मग "नको हो बेटा" म्हणत, आणि खिशातल्या डायरीत लिहीत: 'कार्डवाली, ४ मि.' महिनाअखेरीला ती मिनिटं बिलाशी ताडून बघत. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं तेव्हा पेढे आणले होते त्यांनी!

तुम्हाला असे फोन कधीपासून येतात, तुम्ही काय करता, आणि फिरणाऱ्या मेसेजांतलं खरं किती, खोटं किती, लिहा ना. आईला वाचून दाखवायचंय.

दादर_स्लो

उभ्याने टाइप करतोय, चुका समजून घ्या. नुसता फोन उचलल्याने खात्यातून पैसे जात नाहीत. काकूंना हे आधी सांगा. अफवेला मूळ आहे ते असं: परदेशी नंबरावरून एक रिंग देऊन कट करतात. आपण कोण म्हणून उलटा फोन केला की आयएसडीचा दर लागतो. म्हणजे पैसे जातात ते उलट फोन केल्याने, आणि तेही फोनच्या बॅलन्समधून, बँकेतून नाही. पुढे एकाने 'बँक रिकामी' केलं असणार. माटुंगा आलं, बाकी नंतर.

मेथीचे_लाडू

आमच्याकडे दुपारी दीड ते तीन. बाळ नुकतं डोळा लावतं आणि १४० वाला, म्हणजे जाहिरातीचा फोन, वाजतो. फोन सायलेंट ठेवावा तर सासूबाईंचं डायलिसिस असतं, सेंटरवरून कधीही बोलावणं येतं. रडू येतं हो कधी कधी.

निवृत्त_कॅशियर

@मेथीचे_लाडू, ताई, आधी डीएनडी करा, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद. १९०९ वर मेसेज टाका: इंग्रजीत स्टार्ट, जागा सोडून शून्य. शून्य म्हणजे सगळंच बंद. काही हवं असेल तर वर्गाप्रमाणे बंद करता येतं: १ बँक, विमा, कार्ड वगैरे, २ घरं-जागा, ३ शिक्षण, ४ आरोग्य... मी १ आणि २ बंद केलेत. पैसे लागत नाहीत.

आणि दरवर्षी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक निरोप फिरतो की 'डीएनडीची मुदत संपतेय, अमुक तारखेच्या आत पुन्हा नोंदवा, नाहीतर सगळ्यांचे नंबर कंपन्यांना देणार'. तसं काही नसतं. एकदा नोंदवलं की आपण बदलेपर्यंत राहतं. गेल्या खेपेला मी फळ्यावर खडूने लिहून आलो, तरी दोघांनी विचारलंच.

आणखी एक. १४० ने सुरू होणारा फोन जाहिरातीचा. बँकांच्या कामाच्या फोनांसाठी १६०० ही वेगळी मालिका आहे. त्यामुळे साध्या दहा आकडी मोबाइलवरून कोणी "तुमच्या बँकेतून बोलतोय" म्हणालं तर मी ठेवून देतो आणि पासबुकावरच्या नंबराला स्वतः फोन करतो.

मेथीचे_लाडू

काका, टाकला मेसेज. आलं उत्तर. मनापासून आभार.

चारकोप_सेक्टर_दोन

मी त्या बाजूने लिहिते. २००९ मध्ये बी.कॉम. झाल्यावर मालाडला एका कॉल सेंटरमध्ये सात महिने कर्जाचे फोन केले. सकाळी एक्सेलची शीट मिळायची, नुसती नावं आणि नंबर. डीएनडीतले नंबर आधी गाळायचे, त्याला स्क्रबिंग म्हणायचे. पण टार्गेट भरत नसलं की न गाळलेली यादीही पुढ्यात यायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फोन झाला की कोड टाकायचा. घेतलाच नाही तर आरएनआर, नको म्हणाले तर एनआय. शिवीला कोड नव्हता. तेही एनआयमध्येच जायचं. मॉलमध्ये गाडी जिंका म्हणून पेटीत कुपन टाकतात ना, त्यावर आपणच लिहिलेले नंबर असे फिरत फिरत येतात. तेव्हापासून मी कुठल्याही कुपनावर नंबर लिहीत नाही.

परळचे एक आजोबा होते. मी "सर, पर्सनल लोन" म्हटलं तर म्हणाले, कर्ज नको, पण तू मराठी बोलतेस, जरा बोल. बायको जाऊन महिना झाला होता. ती चहात गवती चहा किती घालायची ते त्यांना आठवत नव्हतं. मी माझ्या आईला विचारून दुसऱ्या दिवशी सांगितलं, 'दोन पाती'. टीएलने, म्हणजे टीम लीडरने, रेकॉर्डिंग ऐकलं आणि माझा दिवसाचा इन्सेंटिव्ह कापला. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

म्हणून आजही फोन आला की मी ओरडत नाही. नको म्हणते आणि ठेवते.

गोरेगावची_लेक

@चारकोप, बाबांची 'कार्डवाली' अशीच कोणीतरी असणार गं. डोळे भरून आले.

कोळंबी_भात

मालाडला कुठे? मीपण २०१० ला तिथेच होते, नाइट शिफ्ट. पहाटे साडेचारला स्टेशनबाहेर उकडलेली अंडी आणि चहा मिळायचा.

चारकोप_सेक्टर_दोन

हो हो, निळ्या ताडपत्रीखाली! मिरपूड कागदाच्या पुडीत द्यायचे.

डोंबिवली_फास्ट_नाही

लसीचा मेसेज कोणाला आलेला? 'लस घेतली का असा फोन येतो, १ दाबलं की फोन हॅक'. २०२४ मध्ये घरोघरी फिरत होता. आकडा दाबल्याने फोन हॅक होत नाही. पण आमचे काका तेव्हापासून कशालाच १ दाबेनात. गॅसचं बुकिंग अडलं, काकूंनी चार दिवस इंडक्शनवर काढले.

खरा धोका निराळा आहे. कुरिअरवाला बनून सांगतात, 'पार्सल अडकलंय, स्टार ४०१ स्टार लावून अमुक नंबर डायल करा'. त्याने आपले फोन त्यांच्याकडे वळतात, मग बँकेचा फोनवरून येणारा ओटीपीही तिकडेच. १५ एप्रिल २०२४ पासून दूरसंचार विभागाने ती डायल करून वळवायची सोय बंद करायला लावली. तरी कोणी सांगितलेला कोड डायल करायचाच नाही, हे काकांना पटलंय. १ मात्र अजून दाबत नाहीत.

ठाण्याची_सून

"ट्रायमधून बोलतोय, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होतील, ९ दाबा." हा फोन आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांना आला. पुढे तो 'पोलीस' झाला, व्हिडिओवर बसवून ठेवलं, दार लावायला सांगितलं. दुपारी भांड्यांची बाई आली, बेल वाजवत राहिली, हटलीच नाही, म्हणून त्या उठल्या. पैसे वाचले. पण त्या अजून बेल वाजली की दचकतात.

काकूंना हे नक्की सांगा. ट्राय ही फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, ती कोणाचा नंबर बंद करत नाही आणि तसे फोनही करत नाही. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओवरून अटक, असं कायद्यात काही नाही. पैसे गेले तर लगेच १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. गेले नसतील, नुसता संशय असेल, तर सरकारच्या संचार साथी साइटवर 'चक्षू' आहे, तिथे कळवायचं.

मेथीचे_लाडू

बाईला साडी घेतली का त्यांनी? घ्यायलाच हवी.

ठाण्याची_सून

घेतली. आणि पगारही वाढवला.

दादर_स्लो

आलो परत. मेसेज ओळखायची खूण सांगतो. पाठवणाऱ्याच्या नावाआधी दोन अक्षरं असतात. पहिलं कंपनीचं, दुसरं सर्कलचं, म्हणजे फोनच्या विभागाचं. एम म्हणजे मुंबई. आता शेवटीही एक अक्षर येतं: पी असेल तर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. आई-बाबांना निदान पी आणि टी शिकवा.

कोळंबी_भात

आत्ता बघितलं, वीस मेसेजांत चौदा पी!

विरार_८_०५

मी तक्रारी करतो, तोही अनुभव घ्या. एका बिल्डरच्या माणसाचे रोज फोन, दहा आकडी नंबरांवरून. डीएनडी असूनही येतात, कारण हे नोंदणी न करता साध्या सिमवरून लावतात. तक्रार केली, क्रमांक मिळाला, तो नंबर गप्प झाला. चार दिवसांनी दुसऱ्या नंबरावरून तोच आवाज, तोच 'सर, पनवेलला टू बीएचके'. परत तक्रार. असं सहा वेळा. पूर्वी तीन दिवसांच्या आत तक्रार करावी लागे. २०२५ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली, त्यात सात दिवस मिळाले, ते बरं झालं, कारण मी रविवारी बसून सगळ्या एकदम करतो. बायको म्हणते सोडून द्या. मी सोडणार नाही. माणूस दमून गप्प बसेल, यावरच त्यांचा धंदा चालतो.

निवृत्त_कॅशियर

शाबास. फोन आला त्याची तारीख, वेळ लिहून ठेवत जा, तक्रारीत लागते. तक्रार ॲपमधूनही करता येते, माझ्यासारख्याला १९०९ वर मेसेजच बरा.

गोरेगावची_लेक

सगळं आईला वाचून दाखवलं. तिने कालनिर्णयच्या मागच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: १४० जाहिरात, १६०० बँक, १९०९ तक्रार, १९३० पैसे गेले तर. त्याखाली स्वतःच्या मनाने एक ओळ घातलीय: 'रात्री आठनंतर लेक घरी नसेल तर कोणताही फोन उचलणे.' त्या डब्यातल्या बाईंचा नंबरही 'पावसातली ताई' म्हणून सेव्ह केला आणि फोन करून आभार मानले. पंधरा मिनिटं बोलल्या दोघी.

चारकोप, ती विचारतेय, फोनवरच्या मुलीला वाईट न वाटता नको कसं म्हणायचं?

चारकोप_सेक्टर_दोन

काकूंना सांग, पहिल्याच वाक्याला 'नको गं बाळा' म्हणायचं आणि ठेवायचं. स्क्रिप्ट पूर्ण ऐकून मग नको म्हटलं की त्या मुलीची तीन मिनिटं फुकट जातात, तेवढ्यात तिचा दुसरा फोन झाला असता.

गोरेगावची_लेक

अरे देवा. आणि बाबा बिचारे सगळं ऐकून घ्यायचे.

मेथीचे_लाडू

बाळ उठलं, पळते. दोन दिवस दुपारी १४० वाला आला नाहीये. गवती चहा दोन पाती म्हणजे किती कपांना गं?

चारकोप_सेक्टर_दोन

दोन कपांना. आलं घालत असशील तर एकच पात टाक.