वृद्धाश्रमातल्या खोलीत कॅमेरा: परवानगी कुणाची?

मुक्कामपोस्ट
आत्यासाठी पुण्याजवळचे वृद्धाश्रम बघत होतो. एका ठिकाणी व्यवस्थापकांनी कौतुकाने मोबाइल पुढे केला. प्रत्येक खोलीत कॅमेरा, मुलांना परदेशातून ॲपवर चोवीस तास दिसतं. "कुटुंबाशी सतत संपर्क!" त्या क्षणी स्क्रीनवर एका आजींचे कपडे बदलणं चाललं होतं. मी त्यांचा कोण? तरी मला दिसलं.

माझं मत: जिन्यात, स्वयंपाकघरात, फाटकावर खुशाल लावा, खोलीत नको. लावायचाच तर सही राहणाऱ्याची हवी, पैसे भरणाऱ्याची नव्हे. आणि त्याला संपर्क म्हणू नका. त्याच आश्रमात फोन करायचा तर रविवारी, ऑफिसात, व्यवस्थापकांसमोर. म्हणजे मुलगा आईला केव्हाही बघणार, पण "इथे जेवण गार असतं रे" एवढंही आईला त्याला एकटीने सांगता येणार नाही.

जर्सीकर
सही कुणाची घेऊ? आईला अल्झायमर आहे, मला ती "ताई" म्हणते. दंडावर वळ दिसले तेव्हा "पडल्या" असं सांगितलं गेलं. कॅमेरा लावल्यावर कळलं की डायपर बदलताना हिसके देतात. मी न्यू जर्सीत, भाऊ बंगळुरात. आईची लाज आम्हालाही आहे हो, पण मार खाऊन कसली लाज राखायची?

कलमबहाद्दर
२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात राज्य सरकार प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय असणारा वृद्धाश्रम काढू शकतं असं आहे, खोलीतल्या कॅमेऱ्याबद्दल चकार शब्द नाही. उलट २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा बघा. उपचारासाठी दाखल असलेल्या माणसाला भेटायला आलेल्यांना हो किंवा नाही म्हणण्याचा, फोन घेण्या-करण्याचा हक्क कलम २६ देतं. कलम २४ म्हणतं, त्याच्या संमतीशिवाय त्याचा फोटो माध्यमांना द्यायचा नाही. धडधाकट आजोबांना मात्र वाढदिवसाचा केक घेऊन आलेल्या कुठल्याही देणगीदाराच्या फोटोत हसावंच लागतं. त्यावर कुणी धागा काढत नाही.

रातपाळी
मी हेच काम करते, नाशकात. ताई, तुमच्या आईला हिसका देणारीला काढलंच पाहिजे. पण रात्री अख्ख्या मजल्याला आम्ही दोघी असतो, ते तुमच्या ॲपवर दिसतं का? स्पंज करताना मी कॅमेऱ्यावर टॉवेल टाकते, तर मुलाचा फोन: "काय लपवताय?" अहो, तुमच्याच आईला झाकतेय.

लेस्टरची_सून
इंग्लंडमध्ये केअर होममध्ये काम करते. कोविडमध्ये भेटी बंद होत्या, लोक काचेपलीकडून आई-वडिलांना बघायचे. त्या अनुभवानंतर एप्रिल २०२४पासून नियमच आला: अगदी अपवादात्मक कारण असल्याशिवाय भेट नाकारायची नाही. आधी असलं काहीतरी मागा. अचानक, कुठल्याही दिवशी नातेवाईक येऊ शकतो म्हटल्यावर निम्म्या गोष्टी आपोआप सुधारतात. अर्थात यायला कुणीतरी हवं.

जर्सीकर
तेच तर. अचानक यायला मी काय पनवेलला राहते?

नाना_खोली_चार
मी वृद्धाश्रमातच राहतो, वय ७९. आमची खोली तिघांची. शेजारच्या पलंगावरच्या गृहस्थांच्या मुलाने कॅमेरा बसवला. परवानगी त्याची, बाप त्याचा, पण लुंगी बदलताना दिसतो मी. हरकत घेतली तर व्यवस्थापक म्हणाले, "नाना, तुम्हाला कोण बघतंय?" आता मी संडासात जाऊन कपडे बदलतो. तिथली फरशी ओली असते. पडलो तर ते मात्र कॅमेऱ्यात येणार नाही.

मुक्कामपोस्ट
जर्सीकर, यावर काय म्हणणं आहे तुमचं?

जर्सीकर
नाना, तिघांच्या खोलीत तिघांनी हो म्हटल्याशिवाय लावू नये, हे मान्य. आईची खोली एकटीची आहे, त्यासाठी जादा पैसे भरतो. तिथला काढणार नाही.

नाना_खोली_चार
काढू नका, ताई. पण स्पंजच्या आणि डायपरच्या वेळेपुरता बंद करायचं बटण तिथल्या मावशीच्या हाती द्याल?

जर्सीकर
नाही, नाना. वळ त्याच वेळचे होते.