अँगलसीचा पाचवा मार्क्विस: याला नट म्हणायचं का?

पडद्यामागून

हेन्री सिरिल पॅजेट, अँगलसीचा पाचवा मार्क्विस (मार्क्विस म्हंजे ब्रिटिश उमरावांची एक वरची उपाधी), याच्याबद्दल कोणी नीट वाचलंय का? १८७५ चा जन्म आणि १९०५ ला गेलासुद्धा, म्हंजे तिशी पण बघितली नाही. १८९८ मध्ये वडील वारले आणि याच्या हातात सुमारे ३०,००० एकर जमीन आणि वर्षाला १,१०,००० पौंडांचं उत्पन्न आलं. तेव्हा पौंडाला १५ रुपये भाव होता, म्हंजे साडेसोळा लाख रुपये, दर वर्षाला, आणि रुपये तेव्हाचे! सहा वर्षांत होत्याचं नव्हतं. जून १९०४ मध्ये दिवाळखोर जाहीर झाला तेव्हा ५,४४,००० पौंडांचं कर्ज होतं.

वेल्समध्ये अँगलसी बेटावर यांचा वाडा होता, प्लास नेविद, तिथल्या खाजगी चॅपलचं याने १५० खुर्च्यांचं थिएटर करून टाकलं आणि स्वतः नाटकात उतरला. आता जालावर शोधलं की 'जगातले विक्षिप्त उमराव' टाइपच्या याद्या आणि हिऱ्यामोत्यांनी मढलेले फोटो एवढंच मिळतं. मला प्रश्न असा आहे की नट म्हणून याचं काय? खरंच नाटकवाला होता की पैसेवाल्याची हौस? आणि ते फुलपाखरू नृत्य नक्की काय प्रकरण होतं, मी एका हौशी ग्रुपचे लाइट्स बघतो म्हणून त्यात जरा जास्तच इंटरेस्ट आहे.

चहाटळ

श्रीमंताघरचं पोर आणि नाटकाचा नाद, पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही. गाडीच्या धुरातून अत्तराचा वास यावा अशी सोय करून घेतली होती म्हणे यानं. आणि पणजोबा कोण तर वॉटर्लूच्या लढाईत पाय गमावलेला घोडदळाचा सेनापती! तो पाय तिथे बेल्जियममध्ये पुरला आणि लोक तो बघायला यायचे. खानदानच प्रेक्षणीय आहे. बसलोय मी, चालू द्या.

मर्सीकाठची

मी लिव्हरपूलला असते, इथून अँगलसी गाडीने दीडदोन तास, त्यामुळे या माणसाबद्दल थोडं वाचलंय.

मुळात नाटक त्याच्याकडे पैशाबरोबर आलं नाही, आधीपासून होतं. जन्म पॅरिसचा. आई तो दोन वर्षांचा असताना गेली आणि आठेक वर्षांचा होईपर्यंत तो कोकलाँ या फ्रेंच नटाच्या घरच्यांकडे वाढला. कोकलाँ म्हंजे साधासुधा नट नव्हे, १८९७ मध्ये सिरानो द बर्जराक पहिल्यांदा रंगमंचावर उभा केला तो यानंच. हेन्रीचा खरा बाप कोकलाँच अशी कुजबुज तेव्हाही होती, पुरावा काही नाही, पण लहानपण कुठल्या वातावरणात गेलं ते कळतं. मग बापाने तिसरं लग्न केलं, पोराला वेल्समध्ये आणलं, पुढे ईटनची शाळा, पुढे रॉयल वेल्श फ्युझिलिअर्सच्या स्वयंसेवक पलटणीत लेफ्टनंट, असं सगळं शिरस्त्याप्रमाणे.

थिएटर बांधून पाहुण्यांसमोर नाटक करणारे उमराव तिकडे ढिगाने होते, त्यात नवल नाही. याने काय वेगळं केलं तर व्यावसायिक नटमंडळी पगारावर घेतली, चांगल्या पगारावर, आणि तीनेक वर्षं ब्रिटनभर आणि युरोपात दौरे काढले. घरच्या थिएटरात फसलात तर घरचेच हसतात, पण परगावच्या प्रेक्षकासमोर उभं राहायचं म्हंजे तो नावं ठेवणारच, आणि पेपरवाले उपाधीमुळे दुप्पट ठेवणार. ती जोखीम त्याने घेतली. अल्लादीनच्या पँटोमाइममध्ये (म्हंजे तिकडचं नाचगाण्यांचं विनोदी नाटक) काम करायचा, ऑस्कर वाइल्डचं 'ॲन आयडियल हजबंड' पण केलं.

फुलपाखरू नृत्य मध्यंतरात असायचं. ही लोई फुलरची पद्धत. ती अमेरिकन बाई, पॅरिस गाजवलं तिनं १८९० च्या दशकात. वारच्या वार पातळ रेशमाचा झगा, बाह्यांच्या आत बांबूच्या काठ्या, त्या हातात धरून हात फिरवले की कापड डोक्याच्याही वर लाटेसारखं उठतं, आणि त्यावर खालून बाजूने रंगीत विजेचे झोत. खांदे भरून येतात हो त्यात. त्यावरूनच पेपरांनी 'डान्सिंग मार्क्विस' नाव पाडलं.

जुना जमाखर्च

ताई, माहिती छान पण जरा दुसरी बाजू पण येऊ द्या. नटमंडळी पगारावर घेतली हे तुम्ही कौतुकाने सांगताय, पण मालकच नायक असेल तर त्याला दिग्दर्शक काय सांगणार, कप्पाळ? आणि घरच्या थिएटरात गावकऱ्यांना फुकट प्रवेश होता. फुकटच्या खुर्चीतली टाळी मी तरी धरत नाही.

आता आकडे बघा. वर्षाला १,१०,००० पौंड येत होते ते कुळांच्या भाड्यातून आणि इस्टेटीतून, याने कमावलेले नव्हेत. पाच-सहा वर्षांचे ते सगळे गेले आणि वर ५,४४,००० देणं. नुसत्या नाटकात एवढा पैसा जातच नाही, गेला तो दागिन्यांत आणि कपड्यांत. सप्टेंबर १९०१ मध्ये हा लंडनला हॉटेलात उतरला होता, संध्याकाळी नाटक बघायला गेला आणि मागे फ्रेंच नोकराने ५०,००० पौंडांचे दागिने लांबवले. ५०,००० चे, हॉटेलच्या खोलीत! नोकर डोव्हरला पकडला गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. कोर्टात म्हणाला एका फ्रेंच बाईने करायला लावलं, ती बाई माल घेऊन फ्रान्सला गेली ती गेलीच.

मग दिवाळं निघाल्यावर लिलाव, चाळीस दिवस, १७,००० च्या आसपास नग. पॅरिसच्या शार्व्हे या कपड्यांच्या दुकानाकडचे ड्रेसिंग गाऊन विकले, दागिन्यांचेच ८०,००० आले. आणि इतकं होऊनही धनकोंनी याला वर्षाला ३,००० पौंड जगायला दिले, म्हंजे दिवाळखोरीत सुद्धा वर्षाला पंचेचाळीस हजार रुपये. एवढ्यात कोणीतरी गंधर्व नाटक मंडळीच्या कर्जाची आठवण काढेलच म्हणून आधीच सांगतो, तिथे पैसा तिकीट खिडकीवर आलेला होता आणि लोक गाणं ऐकायला रात्र रात्र बसत होते. इथे तसं काही नाही.

निवांत नाना

जमाखर्च, त्याच काळातला अजून एक नमुना तुमच्या वहीसाठी. रॉसलिनचा पाचवा अर्ल, हा स्कॉटलंडच्या उपाधीवाला. घोडे, जुगार यात सगळं उडवून १८९७ ला दिवाळखोर झाला आणि १८९८ ला लंडनच्या रंगमंचावर हजर, जेम्स अर्स्किन या नावाने, पिनेरो या नाटककाराच्या 'ट्रेलॉनी ऑफ द वेल्स'च्या पहिल्याच संचात, आणि तेही पहिल्या फळीतली भूमिका. म्हंजे हा दिवाळं निघालं म्हणून नट झाला आणि तुमचा मार्क्विस नट झाला आणि दिवाळं निघालं. रॉसलिनला पगार मिळत होता हे लक्षात घ्या, दुसऱ्याच्या कंपनीत दुसऱ्याच्या सांगण्यावर उभा राहायचा. माझ्या मते पोटासाठी जो तालमीला वेळेवर येतो तो नट, या हिशोबात अर्ल पास.

(हाच गृहस्थ पुढे रुलेटची हमखास जिंकायची पद्धत सापडली म्हणून बसला आणि १९०८ मध्ये मॅक्सिम गन काढणाऱ्या हायरम मॅक्सिमने त्याला खेळून दाखव म्हणून आव्हान दिलं. हरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.)

पडद्यामागून

वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. नाना, रॉसलिन माहीतच नव्हता. जमाखर्च, तुमचं पटतंय पण पूर्ण नाही, कारण पैसे उडवले हे एक आणि नट वाईट होता हे दुसरं, पहिल्यावरून दुसरं कसं ठरवायचं? मर्सीकाठची, तुम्ही वाइल्डचं नाटक केलं म्हणालात, ते १९०१-०२ च्या सुमाराला म्हंजे धाडसाचं नव्हतं का?

मर्सीकाठची

होतंच. 'ॲन आयडियल हजबंड' जानेवारी १८९५ मध्ये लंडनला लागलं, चांगलं चाललं होतं, एप्रिलमध्ये वाइल्डला पुरुषांशी संबंधांवरून अटक झाली तसं जाहिरातींवरून लेखकाचं नाव काढून टाकलं. मे मध्ये शिक्षा. आणि गंमत बघा, त्याच मे महिन्यात हेन्री आयर्व्हिंगला सर किताब जाहीर झाला, नटाला मिळालेला पहिला. एलिझाबेथ राणीच्या काळात कोणा उमरावाचा आश्रय नसलेला नट कायद्याने भटक्या-भामट्यांत जमा होता, तिथपासून इथपर्यंत यायला त्या लोकांना तीनशे वर्षं लागली, आणि ते होतंय तोवर ज्याच्या नाटकांवर लोक रांगा लावत होते त्याचंच नाव पुसलं. वाइल्ड १९०० ला पॅरिसमध्ये गेला. त्यानंतर लगेच एक मार्क्विस ते नाटक घेऊन स्वतः उभा राहतो, हे मला नुसत्या हौसेचं लक्षण वाटत नाही. हौसेला अल्लादीन पुरला असता.

आणि पडद्यामागून, तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मिळणं अवघड का आहे ते सांगते. हा गेल्यावर उपाधी चुलतभावाकडे गेली, चार्ल्स पॅजेट, सहावा मार्क्विस. त्याने याची पत्रं, डायऱ्या, कागद सगळं नष्ट केलं आणि थिएटरचं परत चॅपल केलं. त्यामुळे आज आपल्या हातात आहे काय, तर पेपरांतल्या बातम्या, लिलावाची यादी, कोर्टातली माहिती आणि त्याने स्वतः काढून घेतलेले फोटो. जमाखर्च यांना वही लगेच सापडली कारण शिल्लकच वही राहिलीय. तालमीत कसा होता, संवाद पाठ असायचे का, सहकलाकारांशी कसा वागायचा, ते सांगणारे कागदच गेले. त्याचे पुरुषांशी संबंध होते का यावर हल्ली लोक तावातावाने भांडतात, पण संबंध होते असं दाखवणारा कागद पुरुषाबाबत पण नाही आणि बाईबाबत पण नाही.

प्लास नेविदला मी गेलेय. आता ते नॅशनल ट्रस्टकडे आहे, १९७६ पासून. समोर मेनाई सामुद्रधुनी, पलीकडे स्नोडोनियाचे डोंगर, एकदम जवळ वाटतात. आत सगळी गर्दी रेक्स व्हिस्लरच्या भिंतभर चित्रासमोर, ५८ फूट लांब, ते या सहाव्या मार्क्विसनेच जेवणघरासाठी काढून घेतलं. म्हंजे कलेचं वावडं नव्हतं त्याला, भाऊ नाचतो याचं होतं.

चहाटळ

शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवतो.

सायली कट्टा

उशिरा आले धाग्यावर. त्याच्या बायकोबद्दल कोणीच कसं बोललं नाही? लिलियन चेटविंड, त्याची नात्यातलीच बहीण लागायची, जानेवारी १८९८ मध्ये लग्न. फार टिकलं नाही. हा तिच्या अंगावर दागिने घालून नुसता बघत बसायचा असे किस्से आहेत, त्यात खरं किती आणि तिखटमीठ किती देव जाणे. १९०० मध्ये प्रकरण कोर्टात गेलं. नाटकात बायकोला घ्यायचं सोडून घरी बायकोचीच मखरातली गौर करून ठेवली, माझी सहानुभूती तिला. पण मार्च १९०५ मध्ये मोंटे कार्लोच्या हॉटेलात हा बरेच दिवस आजारी पडून गेला तेव्हा उशाशी होती ती हीच. काय म्हणायचं आता याला.

निवांत नाना

माणूस म्हणून वाईट नसावा एवढं म्हणता येईल. टाइम्सने बातमी दिली त्यात बँगरच्या लोकांना तो गेल्याचं वाईट वाटलं असं होतं. बँगर म्हंजे वाड्यापासून सामुद्रधुनीच्या पलीकडचं गाव, रोजच्या ओळखीतलं. नाटक बघायला याच भागातले लोक यायचे. शव परत आणून इस्टेटीवरच्या सेंट एडवेनच्या चर्चमध्ये ठेवलं.

जुना जमाखर्च

नाना, वाईट वाटलं असेल, फुकट नाटक बंद झालं ना. 🙂 बरं, ताईंचा कागद जाळल्याचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता, उपलब्ध पुराव्यावर वाईट नट म्हणणार नाही. पण बिल कोणाच्या नावावर फाटलं ते पण लिहून ठेवा. स्टॅफर्डशायरला यांचा मोठा वाडा होता, बोडेझर्ट, मूळ घर ते. त्या इस्टेटीचे तुकडे करून १९३० च्या दशकात विकावं लागलं त्यात याने ठेवलेल्या कर्जाचाही वाटा होता. म्हंजे नाच झाला १९०१ ला आणि हप्ते चालू तीस वर्षं. चुलतभावाने कागद जाळले ते चूकच, पण मी त्याच्या जागी असतो तर लिलावाची यादी आधी जाळली असती.

पडद्यामागून

नेमकी तीच राहिली! दौऱ्यांच्या जाहिराती, कार्यक्रमपत्रिका असं काही कुठे जपलेलं असेल तर लिंक द्या कोणीतरी, भूमिकांची नावं तरी लावता येतील. जमाखर्च, लिलावाच्या यादीत नाटकाचे कपडे वेगळे काढता येतात का बघाल? पोशाखावरून कुठली कुठली नाटकं झाली ते कळेल.

जुना जमाखर्च

बघतो. १७,००० नग आहेत, घाई करू नका.