पाईप दोन इंची, म्हणून एनआरव्हीही दोन इंचीच हवा का?

प्रश्न:
नमस्कार. आमच्या चार मजली इमारतीत व्हीएफडीवर (गरजेनुसार मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रावर) चालणारा प्रेशर पंप असून त्याच्या पुढे दोन इंची स्विंग एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, बिजागरीवर झुलणाऱ्या झडपेचा व्हॉल्व्ह) आणि लगेच प्रेशर टँक (आतल्या हवेच्या दाबाखाली पाणी साठवणारी टाकी) आहे. एकच नळ चालू असला की व्हॉल्व्हमधून अखंड टकटक ऐकू येते आणि पंप थांबताच धाडकन ठोका बसून पाईप क्लॅम्पसकट हादरतो. एका नळाला दहा लिटरची बादली भरायला एक मिनिट लागते. सर्व मजल्यांचा वापर मिळून मिनिटाला साठ लिटरच्या वर जात नाही. व्हॉल्व्ह खराब झाला असेल का?

उत्तर १:
व्हॉल्व्ह खराब नसून मोठा आहे, असे मला वाटते. दोन इंची पाईपमध्ये मिनिटाला साठ लिटर म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर वेग, आणि एका नळाला तर त्याचा सहावा हिस्सा; एवढ्याशा प्रवाहात झडप पूर्ण उघडत नाही, अधांतरी फडफडते आणि बिजागरीची पिन व सीट (झडप मिटताना टेकते ती कडा) झिजवते. ठोक्याचे कारण निराळे आहे. पंप थांबताच टँकमधला दाब पाणी मागे लोटतो, सुस्त झडप ते उलटे वाहू लागल्यावर मिटते, आणि ते जागीच अडते. धातूच्या पाईपमध्ये सेकंदाला एक मीटर वेगाचे पाणी असे एकदम थांबले, तर क्षणभर दहा बारहून अधिक दाब वाढू शकतो. सव्वा इंची, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवावा. स्प्रिंग प्रवाह उलटण्याआधीच झडप मिटवते.

उत्तर २:
सहमत आहे, मात्र लहान व्हॉल्व्हमुळे दाब किती घटेल, हे कंपनीच्या तक्त्यात आधी पाहावे. व्हॉल्व्हच्या आधी व्यासाच्या निदान पाचपट सरळ पाईप असावा, कारण एल्बोला खेटून बसवलेली झडप योग्य मापाची असूनही थरथरते. आणखी एक कळकळीची विनंती: पिण्याच्या पाण्याची लाईन दूषित पाण्यापासून वाचवायची असेल, तर साध्या एनआरव्हीवर विसंबू नये. त्यासाठीच्या आरपीझेड उपकरणातून (उलटे येणारे पाणी निचऱ्याच्या तोंडातून बाहेर सोडणाऱ्या दुहेरी व्हॉल्व्हमधून) पुरवठ्याचा दाब हेलकावला की थोडे पाणी पडते. त्या कटकटीपायी कोणी निचऱ्याचे तोंड बंद करतात, आणि संरक्षणच संपते.

प्रश्नकर्ता:
सव्वा इंची स्प्रिंगचा व्हॉल्व्ह बसवला. ठोका पूर्ण थांबला. रात्री एकच नळ चालू असताना मात्र हलकी टकटक अजून आहे.

उत्तर १:
पंप बंद करून टँक रिकामा करा आणि त्यातल्या हवेचा दाब मोजा. तो पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा किंचित कमी असावा. त्यानंतर व्हीएफडीची स्लीप सेटिंग (वापर कमी झाला की पंप थांबवणारी) अशी ठेवा, की एका नळाची गरज टँकच भागवेल आणि पंप तोवर थांबून राहील.