पिवळ्या कडांच्या घायपाताची पाने बुडाशी मऊ पडत आहेत

प्रश्न (राजारामपुरी):
नमस्कार. पिवळ्या कडांच्या घायपाताचे तीन वर्षांचे रोप आमच्या गच्चीवर कुंडीत आहे. वळवाच्या पावसापर्यंत ते उत्तम होते. परंतु आर्द्रा नक्षत्राची झड लागल्यापासून खालची चार पाने बुडाशी मऊ व पाणचट झाली आहेत. कुंडीत शेतातील काळी माती आणि शेणखत निम्मे-निम्मे आहे. शेजारी दोन पिल्लेही फुटली आहेत. एक पूर्ण हिरवे आहे आणि दुसऱ्यात शोधूनही हिरवी रेघ सापडत नाही. रोप वाचेल का, आणि पिल्लांचे काय करावे?

उत्तर (कसबा बावडा):
ताई, दोष पावसापेक्षा मातीचा अधिक आहे. पंचगंगेकाठची काळी माती पाणी धरून ठेवते म्हणून उसाला मानवते. मेक्सिकोच्या कोरड्या, खडकाळ मुलखातील या झाडाला नेमका तोच गुण बाधतो. रोप आजच उपटा, मऊ पाने सोलून काढा आणि स्पिरिटने पुसलेल्या सुरीने बुडखा थोडाथोडा कापत, तपकिरी भाग संपून घट्ट पांढरा गर लागेपर्यंत जा. मधला शेंडा ओढताच हातात आला, तर मात्र आशा सोडावी. कापलेले रोप पाऊस न लागणाऱ्या सावलीत, जखम पूर्ण सुकेपर्यंत उघडे ठेवावे आणि मग दोन भाग चाळलेला मुरूम व एक भाग माती अशा मिश्रणात लावावे. हातमोजे विसरू नका, कारण याचा चीक लागल्यास कातडीची आग होते. (पानांची सुईसारखी टोके मी आधीच छाटतो, आमच्या नातवाच्या डोळ्यांशी ती बरोबर येत होती.)

उत्तर (रंकाळा परिसर):
मिश्रणाबाबत काकांशी सहमत आहे. पिल्लांबद्दल थोडे सांगते. या झाडात हरितद्रव्य असलेल्या आणि नसलेल्या पेशींचे थर शेजारी शेजारी वाढतात, आणि कोंब ज्या थरातून फुटतो त्यावर पिल्लाचा रंग ठरतो. बिनहिरव्या पिल्लाला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही, त्यामुळे ते आईपासून तोडले की काही काळाने मरतेच. बुडखा कापताना ते वाचवता आले नाही, तर वाईट वाटून घेऊ नये. हिरवे पिल्लू जोमाने वाढते, म्हणून ते वेगळे करावे. शेत असल्यास बांधावर लावावे, जिथे पूर्वी कुंपणासाठी आणि दोराच्या वाखासाठी घायपात लावतच असत.

प्रश्नकर्ती:
दोन बोटे कापल्यावर पांढरा गर लागला आणि शेंडा घट्ट आहे. फिकट पिल्लू मात्र गेले. आता पाणी कधी द्यावे?

उत्तर (कसबा बावडा):
लावल्यानंतर आठवडाभर देऊच नका. पुढे कुंडी तळापर्यंत कोरडी झाल्यावरच भरपूर द्या, आणि दसऱ्यापर्यंत रोप पत्र्याच्या आडोशाला राहू द्या. फक्त पागोळ्या कुंडीत पडत नाहीत ना, हे पाहा.