गाडी घरीच खोलावी की मिस्त्रीकडं न्यावी?

अंगणातला पाना:
वणीच्या पलीकडं खेड्यात राहतो. गाडी जुनी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. माझं म्हणणं असं की ऑइल, फिल्टर, प्लग, बेल्ट, ब्रेकचे लायनर ही कामं शेतकऱ्यानं घरीच करावी. विहिरीतली मोटर काढणाऱ्याला चार नटांची भीती कसली? फक्त सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. गाडीसोबत येतं ते छोटं पुस्तक नाही, मिस्त्री लोकांचं जाडजूड. कोणता नट किती आवळायचा, प्लगची फट किती, सगळं आकड्यांत असतं. हत्यारांचं म्हणाल तर फिल्टरला जुना व्ही-बेल्ट गुंडाळून ओढला की सुटतो. जाम नट असेल तर पान्यावर पाईप चढवा. ब्रेकची हवा काढायला सलाइनची नळी: एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या ब्रेक ऑइलात बुडलेलं. बुडबुडे थांबेस्तोवर चालू द्यायचं. कापूस वेचणीच्या दिवसांत गॅरेजपायी दिवस मोडणं परवडत नाही.

निळी बोलेरो:
ऑइल-प्लग ठीक आहे भाऊ, पण ब्रेक? वणीच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक कसे चालतात ते तुम्हीच रोज पाहता. तिथं सलाइनच्या नळीवर भरवसा?

गॅरेजवाला:
अंगणवाले भाऊ, राग नका मानू. पाईप लावून नट खोलाले हरकत नाही, पण त्याच पाईपानं आवळला का आटे गेलेच समजा. तुमच्या गाडीचं हेड अल्युमिनियमचं हाय, प्लगचे आटे गेले का मंग बसा हेड उतरवत. अन् गाडीखाली जायाचं असन त नुसत्या जॅकवर जाऊ नका. लोकं इटा लावतेत बाप्पा! इट सांगून फुटत नाही. लोखंडी घोडी लावा, अन् काळ्या मातीत तिच्याखाली जाड फळी पायजेच, नाहीत एक पाय खचते. ब्रेकचं म्हणान त निपल खुला असताना पेडलवरचा पाय उचलला का हवा परत आत. उघडी पडलेली जुनी बाटली त वापरूच नका, ते ऑइल हवेतलं पाणी पेते. ब्रेक तापला का त्या पाण्याची वाफ होते अन् पेडल खाली बसते.

अंगणातला पाना:
दादा, हे सगळं मॅन्युअलात छापलेलं आहे, म्हणूनच तर वाचा म्हणतो. आता तुम्ही सांगा, तुमच्या गॅरेजात टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच नट आवळणारा पाना, कोण वापरतं? अंदाजानंच आवळता ना?

गॅरेजवाला:
हात बसला हाय भाऊ.

अंगणातला पाना:
मग माझाही बसेल.

बीएस-सिक्सवाला:
तुमचं ८०० पुरतं चालतं. २०२० नंतरच्या गाडीत इंजिनचा दिवा लागला की पाना घेऊन काय करणार? मोबाईलला जोडायचा स्कॅनर मिळतो, पण तो बिघाडाचा कोड दाखवतो, खरं दुखणं नाही. कोड ऑक्सिजन सेन्सरचा आणि गळती सायलेन्सरच्या जोडातली, असंही होतं. सेन्सर बदलून पैसे गेले, दिवा तसाच.

नाल्याकाठची:
दोन्हीकडचे भाऊ, काढलेलं काळं ऑइल कुठं टाकता ते कोणीच बोललं नाही. आमच्या घरी थोडं कुंपणाच्या लाकडी खांबांना लागते आणि बाकीचं नाल्यात. आमची विहीर त्याच नाल्याच्या काठावर आहे.

अंगणातला पाना:
ताई, मी कॅनमध्ये भरून ठेवतो. दोन कॅन भरल्या, कोणी घेत नाही.

गॅरेजवाला:
आणा माह्याकडं, ड्रमात टाकू, भंगारवाला नेते. येतच हा त ब्रेकबी पाहून देतो.

अंगणातला पाना:
कॅन आणतो. ब्रेकला हात लावू देणार नाही.