डिनॉमिनेशन = पंथ?

अर्धविराम
नगर भागातल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. 'डिनॉमिनेशन'ला (म्हणजे मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन असे चर्चचे वेगवेगळे गट) सगळीकडे 'पंथ' लिहिलं होतं. ओळखीच्या एका ख्रिस्ती बाईंना वाचायला दिलं, तर त्यांनी एकूण एक 'पंथ' खोडला. म्हणे, पंथ नाथांचा, महानुभावांचा. आम्हाला असं कुणी विचारत नाही. 'संप्रदाय' तर त्याहून भगवा वाटतो. काय लिहू?

नगरकर
बाई बरोबर बोलल्या. आमच्यात सोयरीक बघताना विचारत, "कुठल्या मिशनचे?" अमेरिकन मिशनचे की एसपीजीचे (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल), बस्स. अमेरिकन मिशन १८१३ ला मुंबईत आलं, १८३१ ला नगरला. ते काँग्रिगेशनल. बिशप (वरचा धर्माधिकारी) नाही, प्रत्येक मंडळी, म्हणजे एकेका ठिकाणचं चर्च, आपापली मुखत्यार. एसपीजीवाले इंग्लंडच्या चर्चचे, त्यांना बिशप. 'मिशन' लिहा.

वऱ्हाडी
'पंथ' न पटण्याचं आणखी एक कारण. मिशनांनी बराचसा मुलूख आपसांत वाटून घेतला होता. कोल्हापूर-मिरज प्रेस्बिटेरियन, नगर-सोलापूर काँग्रिगेशनल, आमच्या अकोल्याकडे अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स). तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात, त्यावर तुम्ही कोण ते ठरायचं. शिशू-बाप्तिस्मा योग्य की अयोग्य यावर आमच्या पणज्यानं काही रात्र जागवली नसणार.

भाषाशुद्धी
मग वारकऱ्याच्या घरात जन्मलेलं पोर कुठे विचार करून वारकरी होतं? तरी तो पंथच ना? चांगला घरचा शब्द सोडून 'मिशन' कशाला? तुमचा 'पाद्री' बघा, किती मराठी! 'पूज्यपाद'वरूनच आला असणार.

नगरकर
पाद्री पोर्तुगीज आहे हो, 'पाद्रे'वरून. गोव्या-वसईच्या कॅथलिकांमार्फत आलेला. आमच्याकडे तो बाहेरचे लोक वापरतात. आम्ही म्हणतो 'पाळक'. पाळक हा मेंढपाळातला पाळ, तुमच्या शुद्धीला चालेल.

मिरजेची
'मिशन'मध्ये एक घोळ आहे. १९२४ मध्ये काँग्रिगेशनल नि प्रेस्बिटेरियन एकत्र आले. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे एसपीजीवालेही आले. म्हणजे नगरचे दोन्ही गट एका छत्राखाली, आणि बिशप नसलेल्यांनाही बिशप मिळाला! (अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले.) सासरी अजून "आम्ही मूळचे अमेरिकन मिशनचे" असंच सांगतात, पण आजच्या चर्चला मिशन कसं म्हणणार? १९७० नंतरच्या भागात तरी नको.

अर्धविराम
मग सरसकट 'मंडळी'? पण 'अमेरिकन मंडळी' म्हटलं की जेवायला पाहुणे आल्यासारखं वाटतं.

भाषाशुद्धी
आणि 'आमची मंडळी' म्हणजे बायको!

मिरजेची
त्यात भर म्हणजे प्रेस्बिटेरियनांत मंडळीचा कारभार 'वडील' (इंग्रजीत 'एल्डर') बघतात. माझे वडील मंडळीचे वडील होते. शाळेत हे सांगितलं की पोरं हसायची.

वऱ्हाडी
मंडळी म्हणजे एका ठिकाणचे उपासक. डिनॉमिनेशन त्याहून मोठं, त्यात अशा शेकडो मंडळी येतात.

नगरकर
मंडळी नव्हे, मंडळ्या. बायबलातल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात 'सात मंडळ्या' आहेत.

भाषाशुद्धी
मंडळी मुळातच समूहवाचक. 'सगळी मंडळी जेवली' म्हणतो, 'मंडळ्या जेवल्या' कोण म्हणतं? हे भाषांतरकारांनी पाडलेलं रूप आहे.

मिरजेची
पाडून दोनशे वर्षं होत आली. दर रविवारी लोक ते वाचतात, ऐकतात. अजून किती जुनं व्हायला हवं?

भाषाशुद्धी
जुनं असेल, पण तुमच्यापुरतं.

नगरकर
'तुमच्यापुरतं' म्हणजे? आम्ही काय फ्रेंच बोलतो?